पाचही निळ्या

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं लाल द्रावण डेंग्यूचा विषाणू भेटला की निळं होतं, सर पाहुण्यांना सांगत होते. रक्ताचे थेंब असलेल्या पाच ट्यूबमध्ये त्यांनी ते ओतलं आणि पाचही निळ्या झाल्या. पाचवीत सरांचंच रक्त होतं, ठणठणीत माणसाचं. पाहुणे हसले. सर माझ्यावर उखडले. "जयाबाई, ट्यूब नीट धुता येत नसतील तर उद्यापासून येऊ नका." तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं कसब्यातून चालत येऊन या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतेय मी. शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलं आणि ट्यूब बोअरच्या पाण्यानं धुवायची वेळ आली तेव्हाच सांगितलं होतं, त्या पाण्यानंही हे द्रावण निळं होतं. "तुम्ही फक्त धुवा," सर म्हणाले होते. मी सीलबंद पाकिटातली ट्यूब काढली, लाल द्रावण ओतलं, वर बोअरचं पाणी सोडलं. सगळ्यांदेखत निळं झालं. "बोअरलाही डेंग्यू झालाय, सर. ॲडमिट करून घ्या."