निळा मणी

शेळ्यांतला आपल्यासारखा जाणकार अख्ख्या क्रीटमध्ये नाही, असं म्हातारा मानूसोस स्वतःच सांगत फिरे. कळप तापानं फणफणला, दूध आटलं, तेव्हा त्यानं चुटकीसरशी निदान केलं: शेजारच्या आर्गिरिसची दृष्ट! त्यानं आर्गिरिसशी बोलणं टाकलं आणि प्रत्येक शेळीच्या गळपट्ट्यात दृष्ट टाळणाऱ्या निळ्या मण्याशेजारी तसाच आणखी एक मणी ओवला.

शेवटी जनावरांची डॉक्टरीण आली. तिनं एक गळपट्टा उचलला. खाली टपोऱ्या गोचिडांची रांग.

"दृष्ट कसली आजोबा, गोचीडताप आहे. सुया देते, वाचतील."

"आर्गिरिसला सांगू नका हं, बाई."

"त्यानंच तर मला पाठवलं."

मानूसोसनं ओशाळून मान खाजवली, आणि तो थबकला. हळूच त्यानं स्वतःच्या गळ्यातला निळा मणी वर केला.

"बाई, एखादी सुई उरेल का?"