शिंकेची साखर

गॅलरीतले कपडे काढून शाल्मली आत आली, तर इराने दार उघडलं होतं आणि शेजारच्या खोपकरकाकू साखरेची वाटी घेऊन हॉलमध्ये उभ्या. त्यांची नात रेवा पाच वर्षांच्या इराला चिकटून बसली होती.

“रेवाला शाळेतून लस लागली गं! सकाळपासून शिंकतेय, गुणाची पोर. ही घे शिंकेची साखर. म्हटलं, इरालाही लागू दे. हल्ली सुई कुठे राहिलीय?”

“काकू, तिला घेऊन जा. आत्ता!”

“अगं, असं काय करतेस? कॅन्सरचं झालं ना सगळं? आता तर लस हवीच पोरीला.”

ही नवी लस सर्दीसारखी एकाकडून दुसऱ्याला लागते; इतर मुलांना दोन दिवस शिंकवते आणि विझते. पण कॅन्सरच्या औषधांनी इराची प्रतिकारशक्ती पुसून टाकली होती. तिच्यात ती विझणार नव्हती, वाढतच जाणार होती. वर्षभर जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शाल्मलीने अकरा महिने जपलं होतं.

“मला मेलीला काय ठाऊक,” म्हणत काकूंनी वाटी तिथेच ठेवून रेवाला ओढतच नेलं.

शाल्मलीने इराचे हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. डॉक्टर फोनवर म्हणाले, “धुऊन उपयोग नाही. दोन दिवस लक्ष ठेवा. शिंक आली तर ताबडतोब आणा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इरा काकूंची वाटी दोन्ही हातांत धरून धावत आली. नाक लाल, डोळे आनंदाने चमकत होते.

“आई, मलापण आली! चल ना, आपली साखर वाटूया.”