डावीकडून चौथी जुडी

लेकीने मागावरचे उभे धागे जुडी-जुडीने दांडीला बांधले, की बाबा डोळे मिटून त्यांच्यावरून तळहात फिरवत. एक जरी जुडी सैल राहिली तरी कापडाला तिथे झोळ पडतो, आणि सैल जुडी त्यांच्या हाताखालून आजवर कधी निसटली नव्हती. आजारपणात तो हात दोन महिने नुसता पडून होता. आज ते पहिल्यांदाच मागापाशी येऊन बसले.

"डावीकडून चौथी ढिली आहे," ते डोळे मिटूनच म्हणाले. "बाळंतपणात हात मऊ पडला वाटतं तुझा."

"पडला असेल. वळण तुमचंच आहे ना पण," ती हसली. तिला काही ती जुडी ढिली वाटली नव्हती, पण बाबांचा हात म्हणजे शेवटचा शब्द. तिने गाठ सोडली आणि तेवढ्यात पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. हातातलं तसंच टाकून ती धावली.

बाळाला खांद्यावर घेऊन ती परतली, तेव्हा बाबा पुन्हा डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश तळहात फिरवत होते.

"आता कसं," ते खुशीत म्हणाले. "आता सगळे धागे सारखे ताणलेत बघ. अगं, माझ्या हाताशिवाय हा माग चालायचा नाही."

चौथी जुडी दांडीवरून सुटून खाली लोंबत होती.


"नाहीच चालायचा, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांनी डोळे उघडायच्या आत तिने ती जुडी मुठीत घट्ट ताणून धरली.