तिरकी रेघ

बाईंनी खोका डोक्याच्या उंचीपर्यंत उचलला आणि उपडा केला. एकशे बारा कार्डं व्यासपीठावर पसरली. काही पायऱ्यांवरून घसरत पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या बुटांपाशी गेली. "अहो, अहो!" असं कोणीतरी ओरडलं. खाली बसलेल्या लेकीने कपाळाला हात लावला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमचीच आहेत ना? मग लावा ओळीने."

तोपर्यंत समारंभ अगदी गोडीगुलाबीने चालला होता. संग्रहालयाचं नवं दालन आज उघडायचं होतं. लांब टेबलावर खोकाभर भोकं पाडलेली कार्डं होती, एकेका कार्डावर प्रोग्रामची एकेक ओळ; ताटाएवढी टेपची चक्री होती, लवलवणारी मोठी फ्लॉपी, तिची कडक धाकटी बहीण, सीडी आणि सगळ्यात शेवटी नखाएवढं मेमरी कार्ड. जुनी माणसं जुने किस्से सांगत होती. एका कारकुनाने म्हणे फ्लॉपीला पंचने भोक पाडून ती नीट फाइलीत ओवली होती. सगळे हसले. बाईही हसल्या होत्या, कारण तो कारकून त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसायचा.

मग निवृत्त संचालक भाषणाला उभे राहिले. शहराच्या कोणत्या भागाला, कोणत्या टाकीतून, किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवणारा पहिला प्रोग्राम त्यांनी या कार्डांवर लिहिला होता, असं पत्रिकेत छापलं होतं.

"कार्डावरून तो टेपवर गेला," साहेब म्हणाले, "टेपवरून फ्लॉपीवर, फ्लॉपीवरून सीडीवर. साधनं आली आणि गेली. वरचं नाव मात्र तेच राहिलं!"

टाळ्या पडल्या. भिंतीवर एक पितळी पाटी कापडाने झाकलेली होती. तिच्यावरही तेच नाव होतं.

बाईंना तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. पत्रिकेत त्यांचा उल्लेख 'कार्डं टाइप करणाऱ्या' असा होता. ते काही खोटं नव्हतं. कार्डं त्यांनीच टाइप केली होती. फक्त काय टाइप करायचं, तेही त्यांनीच शोधून काढलं होतं. त्यासाठी सात महिने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसांमागून त्या टाक्याटाक्यांवर हिंडल्या होत्या. एके दिवशी साहेबांनी त्यांच्याकडून कार्डांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. आठवड्याभरात प्रोग्राम साहेबांच्या नावाने वर गेला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! एवढं मात्र खरं, की कार्डं मशीनमध्ये घालायची वेळ आली की साहेब म्हणायचे, "बाई, तुम्हीच घाला, तुम्हाला सवय आहे."

बाई गप्प राहिल्या. नोकरी हवी होती. पुढे साधन बदललं की प्रोग्राम नव्या जागी हलवायचं काम त्यांच्याकडेच यायचं, आणि वर साहेबांचं नाव त्यांनाच टाइप करावं लागायचं. तीनदा केलं त्यांनी ते.

आज सकाळी त्यांनी दालनाच्या प्रमुखाला सगळं सांगितलं होतं. ती तरुण मुलगी सज्जन होती. "मावशी, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण पुरावा?"

"पुरावा खोक्यात आहे," बाई म्हणाल्या होत्या.

लेक वैतागली होती. "आई, लागू दे ना ती पाटी. या वयात काय मिळणार आहे तुला?"

"या वयात पेन्शन तर कोणी काढून घेत नाही ना? मग घाबरू कुणाला?"

भाषणाच्या टाळ्या थांबताच बाई व्यासपीठावर चढून खोक्यापाशी गेल्या होत्या. आता साहेब वाकले. त्यांनी एक कार्ड उचललं, निरखलं, आणि हसत माइक हातात घेतला. त्यांना जराही घाम फुटलेला नव्हता.

"बाईंचा राग मी समजू शकतो. पण त्या एक गोष्ट विसरल्या. ही लाल पेन्सिलीची खूण दिसते? सगळा गठ्ठा हातात धरून त्याच्या कडेवर एक तिरकी रेघ ओढायची. मग कार्डं सांडली तरी बिघडत नाही. खूण अगदी डावीकडे असलेलं कार्ड पहिलं, अगदी उजवीकडे असलेलं शेवटचं. आमच्या धंद्यातली ही अगदी पहिली शिकवण!"

या वेळी टाळ्या जास्तच जोरात पडल्या. पाहुण्यांनी खाली वाकून कार्डं गोळा करून दिली. साहेब टेबलाशी बसले आणि खुणेमागे खूण लावत गेले. बाई तिथेच उभ्या राहिल्या. कोणीतरी खुर्ची पुढे केली, त्यांनी ती घेतली नाही. पंधरा मिनिटांत गठ्ठा तयार झाला. कडेवरची लाल रेघ सलग, कुठेही न तुटलेली. साहेबांनी तो प्रमुखाच्या हातात ठेवला.

"काढायचं का आता कापड?"

लेक व्यासपीठावर आली. तिचे डोळे भरले होते. "चल ना गं आई."

बाईंनी तिचा हात सोडवला. "पहिलं कार्ड वाच, बाळ," त्या प्रमुखाला म्हणाल्या. "वरच्या कडेला छापलंय. मोठ्याने वाच."

तिने वाचलं. मग चष्मा नीट करून पुन्हा वाचलं.

"यावर... 'एंड' लिहिलंय."

"एंड?" मागच्या रांगेतून एक म्हातारा इंजिनिअर ओरडला. "अहो, ते शेवटचं कार्ड! ते पहिलं लावलं तर मशीन काम सुरू होण्याआधीच थांबेल की!"

साहेबांनी गठ्ठा ओढून घेतला. पहिल्यांदाच त्यांची नजर रेघेवरून अक्षरांवर गेली. "पण रेघ... मी रेघेप्रमाणेच लावलीत. रेघ तर बरोबर आहे!"

"रेघ बरोबरच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "गठ्ठा उलटा धरून मीच ओढली ती. तुम्ही किल्ली मागितलीत ना, त्या दिवशी."