हेमाताईंचा चहाचा धडा

"हे 'पुढे'चं हिरवं बटण काढून टाका," हेमाताई स्क्रीनवरून म्हणाल्या. "ते दिसलं की मी दाबणारच. दूध उतू गेलं तरी दाबणार."

अवधूतने बटण काढून टाकलं. ऑनलाइन धडे तयार करण्यात त्याची बरीच वर्षं गेली होती. बँकेतल्या कारकुनांपासून विमा एजंटांपर्यंत सगळ्यांना त्याने घरबसल्या शिकवलं होतं. पण मेंदूला मार बसलेल्या मोठ्या माणसांसाठी धडा करायचा म्हणजे पुन्हा श्रीगणेशाच. रंग कमी, आवाज कमी, एका वेळी एकच गोष्ट. आणि घाई तर नावालाही नको.

हेमाताई नारायण पेठेत राहायच्या. स्कूटरवरून पडल्यापासून डोकं एका जागी टिकत नाही, असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं. चहाचं आधण ठेवून त्या एकदा भाजी आणायला गेल्या. शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून थोडक्यात निभावलं. तेव्हापासून सून नोकरी सोडून घरी बसली होती.

"मला एकटीला धडपणे चहा करता आला, की ती बिचारी सुटली," त्या म्हणायच्या. "चांगली नोकरी होती हो तिची. तेवढं करा माझ्यासाठी."

अवधूतने ते फार मनावर घेतलं होतं. कर्वेनगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी उत्कर्षा लॅपटॉप लावून द्यायची, खिडकीचे पडदे ओढायची आणि मग कारण नसताना तिथेच घुटमळायची. बायकोला आपल्या कामात एकाएकी एवढा रस कसा, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. पण हातात आयता चहा येत होता, म्हणून साहेब गप्प होते.

"काल आपण कुठे थांबलो होतो?" तो रोज विचारायचा.

"गॅस बंद करण्यापाशी."

"वा! अगदी बरोबर!"

त्याला खरोखर भरून यायचं. एवढा मार खाल्लेलं डोकं, आणि कालची गोष्ट कशी घट्ट धरून ठेवतं! माणसाच्या मेंदूपुढे हात जोडावेत, असं त्याला वाटायचं.

गाडी अडली होती ती गॅसपाशीच. हेमाताई कॅमेऱ्यासमोर चहा ठेवायच्या, मधेच फोन घ्यायला जायच्या आणि गॅस आपला तसाच. अवधूतने लाल अक्षरं टाकून पाहिली, भोंगा लावून पाहिला.

"भोंग्याने डोकं उठतं माझं," हेमाताई म्हणाल्या. "आणि लाल अक्षरांतल्या सूचना पुण्यात कोण वाचतं? आम्ही फक्त लिहितो."

अवधूत खूप हसला. पण त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. एका बाईची नोकरी आपल्या हातात आहे आणि आपल्याला एक साधा चहा शिकवता येत नाही, हे त्याला सलत राहिलं.

मग एका सकाळी त्याला सुचलं. डोकं विसरेल, पण हाताला आणि जिभेला सवय लावली तर? त्याने स्वतःच्या आवाजात एकच वाक्य भरलं. 'हात गॅसच्या बटणावर ठेवा आणि मोठ्याने म्हणा, गॅस बंद.' शिकणाऱ्याने तसं म्हटल्याशिवाय धडा पुढे सरकणारच नाही. चुकायला जागाच ठेवायची नाही.

हेमाताई स्क्रीनच्या जवळ सरकल्या.

"हे तुम्हाला आपलं आपण सुचलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"का? चुकलं का काही?"

"नाही हो. कमाल आहे तुमची." त्यांचा आवाज असा काही झाला की अवधूतलाच लाजल्यासारखं झालं. "फक्त आधी तुम्ही करून दाखवा. रोज. मी बघून बघून शिकते."

मग लॅपटॉप रोज ओट्यावर जाऊ लागला. अवधूत धड्याप्रमाणे चहा करायचा, बटणावर हात ठेवून म्हणायचा, "गॅस बंद." उत्कर्षा शेजारी उभी असायची. एवढ्याशा चहाचा केवढा सोहळा! त्याला हसू यायचं, पण हेमाताईंसाठी तो न चुकता करायचा.

असे बरेच आठवडे गेले. एक दिवस हेमाताई म्हणाल्या, "आज धड्याचा आवाज नको. आणि उत्कर्षाही नको तिथे. दोन माणसं दिसली की माझा गोंधळ होतो."

उत्कर्षा चपला घालून घराबाहेर गेली.

पाणी, साखर, पूड, दूध. चहाला उकळी आली आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. अवधूत वळला आणि दाराकडे निघाला. बेल पुन्हा वाजली. जेवणाच्या टेबलापाशी तो अचानक थांबला. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याचा उजवा हात आपणहून उठला होता आणि ओठ हलत होते. तो मागे फिरला.

"गॅस बंद," तो मोठ्याने म्हणाला आणि त्याने बटण फिरवलं.

स्क्रीनवर हेमाताई तोंडावर हात धरून बसल्या होत्या.

"बघितलंत?" अवधूतच्या अंगावर काटा आला होता. "हात बोलवून घेतो माणसाला! आता तुम्हालाही येणार, हेमाताई. तुमची सून सुटली म्हणून समजा!"

त्यांनी नुसती मान हलवली.

आनंदातच त्याने जाऊन दार उघडलं. बाहेर उत्कर्षा उभी होती.

"किल्ली विसरलीस ना?" तो चिडवत म्हणाला. "तुलाही बसवायला हवं आमच्या वर्गात!"

ती हसली नाही. चपला न काढताच तडक स्वयंपाकघरात गेली. गॅसचं बटण तिने हाताने चाचपून पाहिलं. मग लॅपटॉपपाशी वाकली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"डॉक्टर," तिने हलक्या आवाजात विचारलं, "आता अवधूतला घरी एकटं ठेवून मी कामावर जाऊ ना?"