वीस वाव पाणी

“तुमच्या जाळ्यात अडकलं, तुम्ही ओढलंत आणि भलत्याच उंच खडकावर टाकून दिलंत. कबूल करा, इवाकिरीसान.”

मच्छीमार संघाच्या कचेरीत चहाचे पेले ओठांशीच थांबले. म्हाताऱ्या इवाकिरी तोमेजीच्या कानशिलावरची शीर तटतटली.

समोर संशोधक मिनेगिशीबाई उभी होती. बेटाजवळ समुद्रात बुडालेला ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावर तिनं वर्षापूर्वी पाण्याचा दाब मोजणारं यंत्र ठेवलं होतं. तळ वर आला की त्यावरचं पाणी कमी होतं, दाब घटतो. यंत्र तेवढं टिपून ठेवतं. काल तोमेजीच्याच होडीतून ते वर काढलं. नोंदीतली तळाच्या उंचीची रेघ वर्षभर सरळ होती आणि अकरा दिवसांपूर्वी एका दिवसात साडेतीन मीटर वर चढली होती. त्या दिवशी भूकंपानं घरोघरी भांडी खुळखुळली होती, पण बेटावर ती महिन्यातून दोनदा खुळखुळतात.

“तळ एका दिवसात एवढा उचलला जात नाही,” बाई म्हणाली. “यंत्र उचललं जातं. माझी वर्षाची मेहनत गेली! निदान सांगायचं तरी!”

“तुमची मेहनत?” तोमेजीनं टेबलावर मूठ आपटली. “त्या डब्यापायी वर्षभर गावची एक होडी तिकडं फिरकली नाही. ऐन बांगड्याच्या हंगामात हात चोळत बसलो आम्ही. आणि आज माझ्याच माणसांदेखत मला खोटारडा म्हणता? चला. आत्ताच्या आत्ता चला!”

दोघं त्याच्या होडीतून त्या बुडालेल्या माथ्याकडं निघाली. जागेवर पोचताच बाई खोली दाखवणाऱ्या पडद्याकडं वळली. तोमेजीनं तो फटकन बंद केला.

“यंत्र नको. यंत्रानंच मला खोटं पाडलंय.” त्यानं शिशाचं वजन बांधलेली दोरी काढली. दर वावाला, म्हणजे पावणेदोन मीटरला, एक गाठ. “माथा ताटासारखा सपाट आहे, उंच खडक कुठंच नाही. वर वीस वाव पाणी. माझ्या बापानं मोजलं, मी मोजलं. भरती-ओहोटीनं अर्धा वाव इकडंतिकडं. गाठी तुम्ही मोजा. मोठ्यानं!”

शिसं सुळकन गेलं.

“सोळा... सतरा... अठरा.” दोरी सैल पडली.

“नीट मोजा!” तो खेकसला.

पुन्हा अठरा. त्यानं होडी पुढं नेली. अठरा. माथ्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. तिथं साडेसतरा.

तोमेजीनं दोरी वर ओढून घेतली. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती कमरेतून वाकली.

“माझं चुकलं, इवाकिरीसान. यंत्र जागचं हललं नव्हतं. तळच वर उचललाय. ज्वालामुखी कधीही फुटेल.”

तेवढ्यात रेडिओ खरखरला. कचेरीतून कुणीतरी हसत विचारत होतं, “काय मग काका, खोटं कोण ठरलं?”

“बाई खोटी ठरली,” तोमेजी रेडिओवर म्हणाला. “आता ऐक. शाळा सोडायला सांग. म्हातारीकोतारी, पोरंबाळं, सगळ्यांना धक्क्यावर आण. असतील तेवढ्या होड्या तयार ठेव. हसू नकोस, गाढवा, पळ!”

त्यानं रेडिओ ठेवला आणि होडी गावाकडं वळवली. सबंध आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण खोटारडे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं.