दीपगृहवाल्याचे कान

म्हाताऱ्याचा कान काही केल्या कानासारखा दिसेना.

म्हातारा होता अ‍ॅनिमेशनपटातला, दीपगृहाचा राखणदार, आणि त्याची कातडी जमवायचं काम तिच्याकडे होतं. त्याच्या पाठीमागे भला मोठा दिवा, आणि त्या दिव्याचा उजेड कानांतून आरपार आलेला दिसायला हवा होता. उजेडाने कातडीत किती खोल शिरायचं आणि कोणता रंग घेऊन बाहेर पडायचं, ते ठरवणारे आकडे तिच्या कॉम्प्युटरवर होते. सबसरफेस स्कॅटरिंग असं त्याला भारदस्त नाव होतं. खोली कमी केली की कान मातीचा दिसे, वाढवली की साबणाचा. आणखी वाढवली तेव्हा म्हाताऱ्याचं अख्खं डोकंच टेबललॅम्पसारखं पेटलं, नाकासकट. संध्याकाळच्या मिटिंगपर्यंत कान जमला नाही तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी देऊ, असं दिग्दर्शकांनी सकाळीच गोड शब्दांत कळवलं होतं. ते जितकं गोड बोलत तितकं ते खरं असे.

तिने आरशात स्वतःचा कान बघायचा प्रयत्न केला. दिवा मागे धरला तर मान वळेना, मान वळवली तर कान दिसेना. शिवाय तिचे कान नीटस, डोक्याला चिकटलेले. त्यांच्यामागे उजेड शिरायला जागाच नव्हती.

घरात बाहेर आलेले कान एकाचेच होते, नवऱ्याचे. शाळेत त्याला सगळे 'सुपकान्या' म्हणायचे. तेव्हापासून त्याने केस कानांवर जे ओढून घेतले ते आजतागायत. न्हाव्याला त्याची पहिली सूचना तीच असे, आणि लग्नाच्या एकाही फोटोत नवरदेवाला कान नव्हते. बायकोने एकदाच त्या विषयाला हात घातला होता. त्यानंतर कित्येक दिवस घरात फक्त फ्रीज बोलत होता.

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर कान धरायचे होते.

सुट्टी असल्यामुळे तो पलंगावर आडवा पडून मोबाइल बघत होता. ती एका हातात टेबललॅम्प आणि दुसऱ्या हातात केसांच्या क्लिपा घेऊन समोर उभी राहिली. क्लिपा बघूनच तो काय ते समजला आणि नाही म्हणाला. इंटरनेटवर जगभरचे कान पडलेत, असंही म्हणाला. इंटरनेटवरच्या कानामागे दिवा फिरवता येत नाही, असं तिने सांगितलं. मग काम जाणार असल्याचंही सांगितलं. तो उठून बसला.

"कुणाला कळता कामा नये."

"कुण्णाला नाही. शपथ."

तिने पडदे ओढले, त्याचे केस वर घेऊन क्लिपा लावल्या आणि कानामागे दिवा धरला. मग ती कानाकडे बघतच राहिली. काय झालं, असं त्याने दोनदा विचारलं, तर हलू नकोस म्हणाली. कानाची कड केशरी दिसत होती, मधला भाग लाल, आणि डोक्याजवळ रंग पार काळपट होत गेलेला. वरच्या पातळ जागी एक बारीकशी शीर होती. आपलं काय चुकलं ते तिला तिथेच कळलं. आठवडाभर ती आकड्यांशी झटत बसली होती, आणि म्हाताऱ्याचा कान मुळात सगळीकडे सारखाच जाड, वर डोक्याला डकवल्यासारखा. असा कान काय डोंबल पेटणार?

तिने म्हाताऱ्याच्या कानाची कड पातळ केली. मग कान डोक्यापासून बाहेर ओढला, अजून थोडा ओढला, आणि नवऱ्याच्या कानाइतका बाहेर आल्यावरच थांबली. आकडे मग जरासेच हलवावे लागले. चित्र हळूहळू पडद्यावर उमटलं, आणि म्हाताऱ्यात जीव आला.

नवऱ्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तसा काही वाईट नाही दिसत," तो म्हाताऱ्याबद्दल म्हणाला.

संध्याकाळी व्हिडिओ मिटिंगमध्ये पडद्यावर दिग्दर्शकांसोबत आणखी दोन चेहरे होते. कातडी उत्तम जमली, असं सगळ्यांचंच मत पडलं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाले, "फक्त कान जरा आत दाबा. असे कान कुणाचे असतात का?"

कान आत दाबले की उजेड गेला, आणि उजेड गेला की पुन्हा मातीचा कान. दिग्दर्शकांच्या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असं, क्लिपा लावून बसलेलं होतं. पण ती शपथ घेऊन बसली होती. बघते सर, असं ती कसंबसं म्हणाली. तिला आता रडूच येणार होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवरा कॅमेऱ्यासमोर आला, टेबललॅम्प उचलून त्याने स्वतःच डोक्यामागे धरला.

"असतात," तो म्हणाला.

एका चेहऱ्याने घाईघाईने आपला माइक बंद केला. दिग्दर्शकांनी चष्मा चढवला आणि ते पडद्याच्या अगदी जवळ आले.

"पण तुमचे म्हाताऱ्यापेक्षा जास्त लाल आहेत."

"आत्ता झालेत," नवरा म्हणाला. "लाज वाटतेय."

दिग्दर्शकांनी जरा विचार केला. मग तोच रंग घ्या, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि कान आहेत तिथेच राहू देत.

मिटिंग संपली. ती कॉम्प्युटर बंद करेपर्यंत तो कचऱ्याचा डबा उचलून खाली निघालाही होता. तिने दारातून हाक मारली.

"अरे, डोक्यात क्लिपा तशाच आहेत."

"माहितीये," तो जिन्यातून म्हणाला.